एका वाड्यात दोन बिऱ्हाडं

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा लांबला, आणि मग संगणकाचं काम निघालं. संगणक तोच राहिला, आतलं राज्य तेवढं बदललं. तेही अर्धंच. पण हे नीट सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागेल. तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची खोड लागली आहे. ही खोड ज्यांना ठाऊक आहे ते (म्हणजे माझे नातेवाईक) आत्ताच चहा ठेवायला उठले असतील. असो.

निमित्त असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. म्हणजे ते बंद पडलं नाही, पण मायक्रोसॉफ्टने त्याच्या सुरक्षेची नेहमीची डागडुजी थांबवली. माझा लॅपटॉप २०१५ चा. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय आणि ठरावीक नव्या पिढीचे प्रोसेसर लागतात, ते याच्यात नाहीत. बाकी यंत्र ठणठणीत आहे, कळफलकावरची दोन-चार अक्षरं पुसलीत इतकंच. चांगलं चालणारं यंत्र भंगारात काढायचं माझ्या जिवावर आलं.

दिवाळीला नात पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "आजी, विंडोज आहे तिथंच राहू दे. त्याच्या शेजारी लिनक्स टाकू. चालू करताना तुला विचारेल, कुठं जायचं म्हणून."

मी म्हटलं, "हे मी २००७ मध्येच केलं होतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही लहानपणी 'मी गांधीजींना पाहिलंय' म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहायचो. मग मी तिला ती सगळी हकीगत सांगितली, आणि त्यावर तिने जे सांगितलं त्यामुळे मला दोन रात्री झोप लागली नाही. ते पुढे येईलच. पण त्या दोन रात्रींत आणि नंतरच्या महिन्यात मी या विषयावर जे काही वाचलं, नातीला फोन करकरून विचारलं, ते आधी सांगते. कारण त्याशिवाय माझी चूक काय झाली ते कळणार नाही.

ज्यांना माझ्यासारखंच यातलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी: संगणकाची डिस्क म्हणजे एक वाडा समजा. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्यात राहणारं बिऱ्हाड. विंडोज हे एक, लिनक्स हे दुसरं. एका वेळी कारभार एकाच बिऱ्हाडाचा, पण वाडा मोठा असेल तर दोन बिऱ्हाडं राहायला हरकत काही नाही. कळ दाबली की दारातच ठरवायचं, आज कुणाकडे जायचं.

आता गंमत अशी, की ही कल्पना मला वाटत होती तशी हौशी पोरांनी काढलेली नाही. ती अगदी मूळच्या आराखड्यातच होती. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला तेव्हा त्याच्याबरोबर एक नव्हे, तीन ऑपरेटिंग सिस्टीम सांगितल्या होत्या: मायक्रोसॉफ्टकडून आलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ आणि तिसरी यूसीएसडी पी-सिस्टीम. डॉस ४० डॉलरला होती. सीपी/एम-८६ मागाहून आली आणि तिची किंमत २४० डॉलर. लोकांनी काय घेतलं हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको. पण तेव्हा सगळं फ्लॉपीवर चालायचं. जी फ्लॉपी आत घालाल तिचं राज्य, काढलीत की राज्य संपलं. एका जागेवरून दोघांचं भांडण होण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न आला मार्च १९८३ मध्ये, आयबीएमच्या एक्सटी या यंत्राबरोबर. त्याच्या आत कायमची बसवलेली हार्ड डिस्क होती, १० एमबीची. (आज नातवंडांचा एक फोटो पाच एमबीचा असतो. म्हणजे त्या आख्ख्या डिस्कवर दोन फोटो!) आता डिस्क काही फ्लॉपीसारखी बदलता येत नाही. मग तिच्यावर कोण राहणार? तेव्हा पीसी-डॉस २.० बनवणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात, म्हणजे पहिल्या ५१२ बाइटांत, वाड्याचा नकाशा ठेवला.

५१२ बाइट म्हणजे किती? आज आपण युनिकोडात टंकतो तेव्हा देवनागरीचं एकेक चिन्ह बहुतेक ठिकाणी तीन बाइट खातं. म्हणजे एकशे सत्तर चिन्हं. हा परिच्छेद त्याच्या आधीच संपवावा लागला असता. तेवढ्याशा जागेत पहिले ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रॅमसाठी, पुढचे ६४ नकाशासाठी, आणि शेवटचे दोन 'हा तुकडा खरा आहे' अशी खूण म्हणून. मी कागदावर बेरीज करून पाहिली, बरोबर येते. नकाशाच्या ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी सोळा बाइटांच्या. प्रत्येक नोंदीत खोली कुठे सुरू होते, केवढी आहे, कुठल्या जातकुळीचं बिऱ्हाड आहे त्याचा आकडा, आणि 'सध्या कारभार याचा' अशी एक खूण. डॉसचा एफडिस्क हा प्रोग्रॅम तेव्हा स्वतःसाठी एकच खोली घ्यायचा. बाकीच्या तीन दुसऱ्यांसाठी!

हे वाचून मी जरा वेळ तशीच बसून राहिले. ज्या कंपनीच्या नावाने पुढे मक्तेदारीचा खटला गाजला, तिच्याच पहिल्यावहिल्या वाड्यात चार बिऱ्हाडांची सोय होती. आणि तो नकाशा पुढे जवळपास तीस वर्षं जगभरच्या पीसींत तसाच राहिला. डिस्क दोन टीबीच्या पुढे गेल्या तेव्हा त्या सोळा बाइटांत आकडा मावेना, म्हणून मग जीपीटी नावाचा नवा नकाशा आला. त्यात साधारणपणे १२८ खोल्यांची जागा असते. एवढी बिऱ्हाडं कोण ठेवणार, देव जाणे.

पण त्या जुन्या नकाशात एक गोम होती. खोल्या चार, दार मात्र एकच. यंत्र सुरू झालं की ते डोळे मिटून त्या पहिल्या ४४६ बाइटांतला प्रोग्रॅम चालवायचं. तोच दाराशी बसलेला माणूस. तो म्हणेल तिकडे पाहुणा जाणार. आणि दाराशी कोणाचा माणूस बसणार याचा नियम कुणी लिहिलाच नाही. जो शेवटी राहायला येईल तो आधीच्याला उठवून आपला माणूस बसवू शकत होता. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

लिनक्स तर जन्मलंच दुसऱ्याच्या घरात. लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकीचा विद्यार्थी. त्याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ जातीचा पीसी घेतला आणि त्यावर मिनिक्स टाकलं. मिनिक्स म्हणजे अँड्रू टॅनेनबाम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. मिनिक्समध्ये बसून त्याने स्वतःची सिस्टीम लिहायला घेतली आणि २५ ऑगस्ट १९९१ ला तिची वाच्यता केली. तोवर तो दोन्हीकडे राहत होता. मग एके दिवशी त्याला मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचा होता, आणि त्याच्या हातून फोन लावायची आज्ञा मोडेमऐवजी हार्ड डिस्कला गेली! मिनिक्सच्या खोलीची सुरुवातच त्या आज्ञेने खरवडली गेली. ही गोष्ट त्याने स्वतःच 'जस्ट फॉर फन' या २००१ च्या आत्मकथनात सांगितली आहे. आता मिनिक्स पुन्हा टाकावं की नाही, असा विचार करताना त्याच्या लक्षात आलं की आपलं लिनक्स एवढं झालंय की मिनिक्सवाचून चालेल. त्याने पुन्हा टाकलं नाही.

माझ्या चुकीपेक्षा त्याची चूक फळाला आली म्हणायची.

त्याच्या मागोमाग जे हजारो लोक लिनक्सकडे आले त्या बहुतेकांच्या डिस्कवर डॉस किंवा विंडोज आधीपासून होतंच. त्यांच्यासाठी वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिलो लिहिलं, म्हणजे लिनक्स लोडर. त्याची एक खासियत मला फार आवडली. सुरू होताना ते आपल्या नावाची चार इंग्रजी अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचं, आणि काम जिथे अडेल तिथलं अक्षर शेवटचं. 'एल आय' एवढंच उमटून यंत्र गप्प बसलं की माहितगार माणूस ओळखायचा, काय बिघडलंय ते. आमच्या वर्गात काही मुलं कविता म्हणताना नेमक्या एकाच ओळीला अडायची, तसंच. लिलोची अडचण अशी की त्याला खोलीतली वस्तू नेमकी कुठल्या फरशीवर ठेवली आहे हे पाठ करून ठेवावं लागे. वस्तू हलवली आणि त्याला पुन्हा सांगायला विसरलात की संपलं. १९९५ मध्ये एरिक बोलेन यांनी ग्रब लिहायला घेतलं. ते स्वतः खोलीत डोकावून वस्तू शोधू शकायचं, आणि दुसऱ्या बिऱ्हाडाकडेही पाहुण्याला बिनतक्रार पाठवायचं. आज लिनक्सवाल्यांच्या दाराशी बहुतेक ठिकाणी ग्रबच बसलेलं असतं.

विंडोजच्या एनटी घराण्याकडेही अशी यादी होती, पण त्यात सहसा आपलीच भावंडं: थोरलं विंडोज, धाकटं विंडोज. परक्याला तिथे बसवायचं तर हाताने खटपट करावी लागे. आणि विंडोज नव्याने टाकलं की ते दाराशी न विचारता आपला माणूस बसवायचं. म्हणूनच जुने जाणते लोक सांगायचे: आधी विंडोज टाका, मग लिनक्स. उलटं केलंत तर लिनक्स 'नाहीसं' होईल.

या अवतरणातल्या 'नाहीसं' शब्दापाशी माझी गोष्ट येते.

मी तेव्हा जत तालुक्यातल्या एका शाळेत होते. २००५ साली नववीच्या मुलांना मी एक काम दिलं होतं: घरातल्या, शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा आणि ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत, वहीत लिहून आणा. मला वाटलं, दहा-बारा वह्या येतील. सदतीस आल्या. खडी फोडणारे हात, पाझर तलावाच्या कामावर झाडाला बांधलेल्या झोळ्या, सुकडीचा वास, परदेशातून आलेली ती लाल मिलो जी शिजवली तरी गळ्याखाली उतरायची नाही. एका आजीने सांगितलं होतं की कामावर जाताना त्या दाराला कुलूप लावायच्या, आणि मग हसून म्हणाल्या होत्या, आत होतं काय चोरायला? पुस्तकांत दुष्काळाचे जिल्हे असतात, आकडे असतात. त्या कुलपाबद्दल कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्या वह्या टंकून ठेवायच्या असं मी ठरवलं. घरी ८० जीबीच्या डिस्कचा संगणक होता, विंडोज एक्सपीचा. पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांनी तो दर दोन महिन्यांनी आजारी पडायचा. तेव्हा उबुंटूवाले पत्ता कळवला की लिनक्सची सीडी पोस्टाने फुकट पाठवत असत (एप्रिल २०११ पर्यंत पाठवत होते). माझा भाचा या सगळ्यात मुरलेला. त्याने सीडी मागवली, आणि २००७ च्या मे महिन्यात एका दुपारी माझ्या संगणकात दुसरं बिऱ्हाड थाटलं. चालू केलं की काळ्या पडद्यावर यादी यायची, बाण वर-खाली करून निवडायचं. मला ते फार ऐटीचं वाटायचं. मराठी कळफलकही तिथे सहज मिळाला. सदतीसच्या सदतीस वह्या मी दीड वर्षात लिनक्समध्ये बसून टंकल्या. काम झालं म्हणून वह्या शाळेच्या इतर रद्दीबरोबर जाऊ दिल्या. हो, मीच. इतिहासाच्या बाईंनी.

२००९ च्या पावसाळ्यात विंडोज सुरू होईना. भाचा तोवर परदेशी गेलेला. संगणक दुकानात दिला. तिथला मुलगा चांगला होता, माझे डी ड्राइव्हमधले फोटो त्याने जपून ठेवले, विंडोज नव्याने टाकून दिलं, पैसेही रास्त घेतले. घरी आणून चालू केला तर यादी आलीच नाही. यंत्र थेट विंडोजमध्ये. मी फोन केला. तो म्हणाला, "बाई, ते दुसरं उडालं असणार."

उडालं. मी त्यावर विश्वास ठेवला. चार दिवस जेवण गेलं नाही, मग हळूहळू सावरले. सदतीसपैकी अकरा मी शाळेच्या अंकासाठी छापून घेतल्या होत्या, तेवढ्या राहिल्या. २०११ मध्ये तो संगणक जुन्याच्या बदल्यात नवा अशा योजनेत देऊन टाकला.

हे सगळं ऐकल्यावर नातीने विचारलं, "आजी, तेव्हा सी आणि डी मिळून किती जागा दिसत होती?"

मी सांगितलं, पन्नास-पंचावन्न जीबी असेल. मी तेव्हा ते पाहिलं होतं आणि पुढे गेले होते.

"आणि डिस्क ८० ची?"

मग तिने वहीचं पान घेऊन वाडा काढला. म्हणाली, त्या मुलाने लिनक्सची खोली पुसली असती तर ती जागा बहुधा विंडोजलाच जोडून दिली असती. खोली होती तिथेच होती. विंडोज नव्याने टाकलं, त्याने दाराशी आपला माणूस बसवला, आणि त्या माणसाला लिनक्सची खोली ठाऊकच नाही. विंडोजला ती वाचताही येत नाही, म्हणून 'माय कॉम्प्युटर'मध्येही ती दिसणार नाही. "तू तीच सीडी घालून संगणक चालू केला असतास ना, तर दहा-पंधरा मिनिटांत ग्रब परत बसवता आलं असतं. निदान फायली तरी काढून घेता आल्या असत्या."

ती सीडी तेव्हा टीव्हीच्या खालच्या खणात होती. आजही आहे.

नक्की तसंच झालं असेल असं नातही म्हणाली नाही. पण पंचवीस जीबीचा हिशेब लागत नव्हता आणि मी तो लावला नाही, एवढं खरं. दोन वर्षं त्या सव्वीस माणसांचे शब्द माझ्या टेबलाखाली होते आणि मी वर बसून ते गेले म्हणून हळहळत होते.

मला वाटलं होतं, हे माझ्यासारख्या अडाण्याचंच होतं. मग बी कंपनीची गोष्ट वाचनात आली. ज्याँ-लुई गासे हे ॲपलमधले मोठे अधिकारी. त्यांनी १९९० मध्ये बाहेर पडून बी इन्कॉर्पोरेटेड काढली आणि बीओएस नावाची सिस्टीम केली. जाणकार अजून तिची आठवण काढतात. १९९६ च्या शेवटी ॲपलने ती विकत घेण्याची बोलणी केली, पण घेतलं स्टीव्ह जॉब्सचं नेक्स्ट. मग बी मंडळी १९९८ मध्ये साध्या इंटेल पीसीकडे वळली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला विंडोजला हुसकायचं नाही, शेजारची खोली द्या. त्यांनी पीसी बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, आमची सिस्टीम फुकट घ्या, फक्त चालू करताना ती यादीत दिसू दे.

हिताचीने जपानमध्ये आपल्या फ्लोरा प्रीयस या पीसींवर ती खरोखरच घातली. पण यादी दाखवली नाही! गिऱ्हाइकाने पीसी घरी आणला, बीओएसचे पैसे वेगळे मोजले नाहीत, ती डिस्कवर पूर्णपणे हजर, आणि चालू केलं की थेट विंडोज. ती उघडी करायची कृती बीच्या संकेतस्थळावर वाचून, हाताने करावी लागायची. ज्याला खोली आहे हेच माहीत नाही तो कृती कशाला शोधेल?

बीचं म्हणणं होतं की यामागे मायक्रोसॉफ्टचे परवान्याचे करार होते. अमेरिकन सरकारचा मायक्रोसॉफ्टवरचा खटला मुख्यतः ब्राउझरवरून होता, पण पीसी बनवणाऱ्यांनी यंत्र सुरू होतानाचा क्रम बदलू नये अशा अटी घातल्या होत्या, हे न्यायाधीश जॅक्सन यांच्या नोव्हेंबर १९९९ च्या निष्कर्षांत नोंदलं आहे. बीने स्वतःचा दावा फेब्रुवारी २००२ मध्ये लावला. तोवर कंपनी संपल्यात जमा होती. २००१ मध्येच तिची मालमत्ता पाम कंपनीने १ कोटी १० लाख डॉलरना घेतली होती. सप्टेंबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कुठलीही चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन दावा मिटवला. म्हणजे कंपनी विकून आले त्याच्या दुपटीहून जास्त पैसे दाव्यात आले. बीओएस काही परत आली नाही. तिच्या चाहत्यांनी हायकू नावाने तशीच सिस्टीम पुन्हा लिहायला घेतली, ती अजून चालू आहे.

आता एकाच कारणाने राज्य बुडालं असं लिहिणाऱ्या मुलांचे मी गुण कापत असे, तेव्हा इथेही सांगायला हवं: बीओएससाठी प्रोग्रॅम फार कमी होते, आणि ज्यावर रोजचं काम होत नाही ते बिऱ्हाड लोक ठेवत नाहीत. तरीपण. हरणं वेगळं आणि दिसूच न देणं वेगळं.

पुढचा इतिहास भराभर सांगते. ॲपलने २००६ मध्ये आपल्या यंत्रांत इंटेलचे प्रोसेसर घातले आणि एप्रिलमध्ये बूट कॅम्प आणलं. मॅकवर विंडोज, खुद्द मालकाच्या परवानगीने! २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःचे एम१ प्रोसेसर आणले आणि त्या यंत्रांपासून ही सोय गेली. दरम्यान मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवण्याची सोय दिली, म्हणजे वेगळी खोली नको, पडवीत राहा. नातीच्या वर्गातली बरीच मुलं हेच वापरतात म्हणे.

पण दाराचा प्रश्न नव्या रूपात आलाच. २०१२ च्या विंडोज ८ पासून नव्या पीसींत सिक्युअर बूट आलं. दाराशी बसणाऱ्याकडे सही-शिक्क्याचं ओळखपत्र असेल तरच यंत्र त्याला बसू देणार. हेतू चांगला, कारण दाराशी एखादा चोर बसला तर आतलं कोणीच सुरक्षित नाही. पण जवळजवळ प्रत्येक पीसीत शिक्का होता तो मायक्रोसॉफ्टचा. मॅथ्यू गॅरेट आणि इतरांनी शिम नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम तयार करून त्यावर मायक्रोसॉफ्टची सही मिळवली, आणि मग शिमने ग्रबला ओळखून आत घ्यायचं अशी वाट काढली. वाट निघाली, पण शेजाऱ्याच्या सहीने. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेने जुन्या शिमवर बंदी घातली. दोन बिऱ्हाडं असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नाही असं सांगितलं होतं, तरी अनेकांचं लिनक्स एका सकाळी उघडेना.

तर इतकं सगळं ऐकून-वाचूनही मी दिवाळीत पुन्हा दोन बिऱ्हाडं थाटली. विंडोज ठेवण्याचं कारण ह्यांचं लिखाण. ते युनिकोडच्या आधीच्या एका फाँटात आहे, आणि तो टंकलेखनाचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो. दुसरीकडे उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजचं इंटरनेट बंद करून टाकलं. जालावर जायचं ते लिनक्समधूनच.

नातीने पहिल्यांदा काय केलं असेल तर सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, आणि माझ्याकडून एकेक फोल्डर उघडून खात्री करून घेतली. मग विंडोजमध्येच जाऊन त्याची खोली आवळून शेजारी जागा केली. 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते चालू असलं तर विंडोज बंद होतानाही अर्धवट जागं राहतं आणि खोलीला आतून कडी घालून ठेवतं. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट. चहा होईपर्यंत काम झालं. पुन्हा ती यादी पडद्यावर आली तेव्हा मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. सकाळी साडेआठला विंडोज उघडलं तर घड्याळात पहाटेचे तीन! कारण यंत्राच्या आतलं घड्याळ एकच, आणि दोघांची ते वाचायची रीत वेगळी. डॉसच्या काळापासून विंडोज त्याला स्थानिक वेळ समजतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लावून ठेवतं आणि आपल्यापुरते साडेपाच तास मिळवून दाखवतं. लंडनच्या माणसाला हिवाळ्यात याचा पत्ताही लागायचा नाही, आपल्याला मात्र नेमका साडेपाच तासांचा फटका. नातीने लिनक्सला एका आज्ञेने सांगितलं, बाबा, इथे स्थानिक वेळच चालते. त्याने ऐकलं.

त्या अकरा छापील पानांपैकी सात पानं मी आता पुन्हा टंकली आहेत. कुलपाची गोष्ट सांगणाऱ्या आजींचं पान त्या अकरांत नव्हतं. तेवढी मी वर आठवणीतून लिहिली, त्यांचे शब्द नेमके तसे होते की नाही, सांगता येत नाही. २००५ च्या नववीतल्या कुणाला आपल्या वहीतलं काही आठवत असेल, किंवा घरी कच्चं लिहिलेलं पान सापडलं, तर मला जरूर कळवा.

आणि लॅपटॉपच्या पाठीवर मी मार्करने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे: 'यात दोन सिस्टीम आहेत. एक दिसली नाही तरी आहे. दुरुस्तीआधी नातीला फोन करणे.' खाली तिचा नंबर.